रेघेला रेघ

गोळीच्या बुडावर एकेचाळीस हवा होता, तिथं सत्तेचाळीस होता.

माधव कर्णिकने भिंग जवळ आणलं, लांब नेलं, गोळी चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवली. शिशावर सुईने कोरलेला आकडा. चार स्वच्छ होता. पुढचा एक असेल, सात असेल. सुई घसरली तर कशाचं काय होईल सांगता येत नाही. पण अक्षर त्याचं स्वतःचं होतं, आणि सात काढताना शेवटी बाहेरच्या बाजूला हिसका द्यायची त्याची शाळेपासूनची खोड होती. तो हिसका तिथं होता. त्याने कपाटातून सत्तेचाळीस नंबरचं पाकीट काढलं. त्यातल्या गोळीच्या बुडावर एकेचाळीस होता, अगदी नीट, शंकेला जागाच नाही असा. दोन गोळ्या, दोन पाकिटं, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या एका दुपारी त्याच्याच हातून झालेली अदलाबदल. खटला आठ दिवसांवर आला होता. कोर्टात न्यायच्या वस्तू एकदा तपासून बांधून ठेवाव्यात म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत बसला होता. डबा अजून उघडायचा होता. त्याच्या लक्षात आलं, की गोळी पुन्हा ठेवायच्या आधी आपण मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पण आपण पाहिलं. म्हणजे काय करायचं हे मनातल्या कुणीतरी आपल्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं, आणि त्या माणसाचा त्याला तेव्हापासून संशय येऊ लागला.

ती दुपार त्याला आठवत होती, निदान आठवते असं वाटत होतं. मार्चमधली, परळच्या या बैठ्या कचेरीच्या पत्र्याखाली अंग भाजून काढणारी. बाहेर हमरस्त्यावरून मोर्चा चालला होता, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे शब्द लाटेसारखे जवळ येत आणि दूर जात होते. गुन्ह्यांत सापडलेली हत्यारं या कचेरीत येत. त्यांतून कापसाने भरलेल्या लांबट पेटीत एक गोळी झाडायची, कापूस पिंजून ती काढायची, बुडावर आकडा कोरायचा, मग साहेबांनी ती मायक्रोस्कोपखाली लावायची. मायक्रोस्कोपला दोन नळ्या. एका नळीखाली मेलेल्याच्या अंगातून निघालेली गोळी, दुसऱ्या नळीखाली ही. वर डोळा लावला की दोघींच्या अर्ध्या अर्ध्या प्रतिमा शेजारी शेजारी येत, मधे केसासारखी फट. बंदुकीच्या नळीतून जाताना गोळीवर ओरखडे उठतात. ते ओरखडे त्या फटीच्या अलीकडून पलीकडे सरळ गेले, रेघेला रेघ लागली, की दोन्ही गोळ्या एकाच नळीतून गेल्या. त्या दुपारी दोन रिव्हॉल्व्हरं होती, दोन्ही बत्तीस बोअरची, एकाच विलायती कारखान्याची, नंबरांतही फार अंतर नसलेली. दोन गोळ्या त्याने टेबलावर शेजारी ठेवल्या. मग बाहेर कुठेतरी अश्रुधूर सुटला, खिडक्या लावायला तो उठला, डोळे चुरचुरत होते, आणि पाकिटं त्याने डोळे पुसत पुसत भरली. असंच झालं असेल. की तसं काही नसताना आपणच आता आपल्यासाठी एक कारण रचून ठेवतो आहोत?

एकेचाळीस नंबरचं रिव्हॉल्व्हर चिंतामणी पांचाळचं. चिंचपोकळीला रेल्वेच्या कडेला त्याचा लेथचा कारखाना होता, कारखाना म्हणजे एक गाळा आणि चार माणसं. लढाईच्या काळात लष्कराची कामं करायचा, तेव्हापासून त्याच्याकडे परवाना होता. जानेवारीत शहर पेटलं तेव्हा हरताळात त्याने गाळा बंद ठेवला नाही. घोडपदेवचा रघु तावडे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, चार जण घेऊन त्याला बंद करायला सांगायला आला. शिवीगाळ झाली. ‘तुला बघून घेईन,’ असं चिंतामणी म्हणाल्याचं अख्ख्या गल्लीने ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याच गल्लीच्या तोंडाशी रघु पडला. रस्त्यावर जमाव होता, धूर होता, पोलीस गोळीबार करत होते, आणि जो तो म्हणाला पोलिसांची गोळी. रघुच्या बायकोनेही तेच धरून ठेवलं. पण डॉक्टरांनी काढलेली गोळी रायफलीची नव्हती. शिशाची होती, बत्तीस बोअरची. मग पोलिसांना चिंतामणी आठवला, चिंतामणीचं रिव्हॉल्व्हर आठवलं, आणि ते या कचेरीत आलं. टिपणीससाहेबांनी अर्धा दिवस डोळा लावून पाहिलं आणि लिहिलं, ‘ही गोळी याच रिव्हॉल्व्हरमधून सुटली, अन्य कोणत्याही नाही.’ त्याआधी त्यांनी माधवलाही बोलावलं होतं. ‘बघा कर्णिक, कशी लागलीय.’ आणि माधवने पाहिलं होतं, आणि खरोखरच रेघेला रेघ लागली होती. त्याने फोटो काढला होता. फोटोत ती लागलेली अजूनही दिसत होती. फक्त ती चिंतामणीच्या रिव्हॉल्व्हरची नव्हती.

संध्याकाळी दादरला पायी जाताना त्याला रस्ता नेहमीचा वाटेना. भिंतींवर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या घोषणा गेरूने लिहिलेल्या, एकाच हाताने लिहिल्यासारख्या, पण एकाच हाताने नाहीच. समोरून येणारी माणसं आळीपाळीने ओळखीची आणि अनोळखी होत होती. त्याला अप्पा आठवले. त्याचे वडील, फोर्टात सॉलिसिटरांकडे हेडक्लार्क, आणि अक्षर ओळखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही असं मानणारे. तो इंटरला असताना गिरगावातल्या त्यांच्या चाळीत एक निनावी पत्र आलं होतं, मालकाच्या मुलीबद्दल घाण घाण लिहिलेलं. अप्पांनी ते उन्हात धरलं, तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवण्या करणाऱ्या एका गृहस्थांची जुनी चिठ्ठी त्याच्याशेजारी ठेवली आणि त्याला हाक मारली. ‘माधव, हा र बघ. आणि हा र बघ. दिसतं ना?’ त्याला दिसलं. आधी काही दिसलं नव्हतं. अप्पांनी बोट ठेवल्यावर दोन्ही र एकमेकांचे जुळे भाऊ झाले. ‘हो,’ तो म्हणाला होता. महिन्याभरात ते गृहस्थ बिऱ्हाड हलवून गेले, जाताना कुणाशी बोलले नाहीत. पत्रं मात्र पुढे आणखी दोन आली. अप्पांनी ती त्याला दाखवली नाहीत, शेजारी चिठ्ठी ठेवून पाहिलीही नाहीत, चुलीत घातली. त्या माणसाचा चेहरा माधवला आठवेना. आठवत होता तो र, आणि आपलं ते पटकन निघालेलं ‘हो’.

दुसऱ्या दिवशी साहेब येण्याआधी तासभर तो कचेरीत पोचला. मेणावर गोळ्या बसवल्या. डावीकडे रघुच्या अंगातली, उजवीकडे चिंतामणीची, या वेळी खरोखरची. त्याने गोळी हळूहळू फिरवत नेली. एका जागी रेघा लागल्या. चांगल्या लागल्या. त्याला हायसं वाटलं. म्हणजे चूक फक्त पाकिटांची, निष्कर्षाची नाही, आणि माणूस तोच. मग त्याने उजवीकडे सत्तेचाळीसची लावली, साहेबांनी मार्चमध्ये पाहिली होती तशी. तीही लागली. त्याने पुन्हा पहिली लावली. आता ती तितकीशी लागेना. खालच्या बाजूच्या तीन रेघा फटीपाशी येऊन नाहीशा होत होत्या. त्या मघाशी होत्या की मघाशी त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं? कारखान्यात एकाच हत्याराने एकामागून एक नळ्या कोरल्या तर त्या हत्याराच्या दातांच्या खुणा सगळ्या नळ्यांत उतरतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे आपण ओळखत होतो ते रिव्हॉल्व्हर, की तो कारखाना? डोळ्यांत पाणी आलं. एकदा लागलेली, एकदा न लागलेली, एकदा लागलेली. शेवटी त्याने डोळा काढला तेव्हा भिंतीवर सुद्धा त्याला मधोमध ती फट दिसत राहिली.

मग त्याने सत्तेचाळीसची फाइल काढली, कोणाचं तरी दुसऱ्याचं पत्र फोडावं तशी. गिरगावातले कमलाकांत नावाचे निवृत्त गृहस्थ गेल्या वर्षी वारले, त्यांच्या पत्नीने, यशोदाबाईंनी, रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं. पुतण्याच्या नावावर करायचं म्हणून चालू स्थितीत आहे का एवढं तपासायला ते इथं आलं. जमा केल्याची तारीख ऑक्टोबर पंचावन्न. इथं पाठवल्याची, मार्च छप्पन्न. मधला जानेवारी, ज्या जानेवारीत रघु पडला, तो त्या रिव्हॉल्व्हरने पोलीस ठाण्याच्या कपाटात काढला. माधवने तारखा बोटाने दोनदा वाचल्या. आधी त्याला वाटलं, सुटलो. कपाटातलं रिव्हॉल्व्हर रस्त्यावर गोळी झाडत नाही, तेव्हा ते जुळणं खोटं. आणि लगेच, त्याच श्वासात, कपाटाची किल्ली कुणाकडे असते? त्या दिवसांत ठाण्यातून कोण काय उचलून बाहेर पडलं असेल? हा विचार त्याला आपला वाटेना. रस्त्यावर घोषणा देणाऱ्या कुणाचा तरी तो डोक्यात शिरला असावा. पण एकदा शिरल्यावर तो बाहेर जाईना.

शरच्चंद्र टिपणीस अकराला आले. पन्नाशी उलटलेले, विलायतेत सहा महिने शिकून आलेले, आवाज कधी न चढवणारे. दहा वर्षांत त्यांनी माधवला हाताला धरून शिकवलं होतं. मायक्रोस्कोपला गोळ्या तशाच होत्या.

‘साहेब, जरा बघता?’

ते वाकले, आणि डोळा काचेला लागायच्या आधी थांबले. ‘कोणती लावलीत?’

‘बघून सांगा ना.’

‘कर्णिक, कोणती लावलीत?’

‘जुळते की नाही एवढंच सांगायचं, साहेब. त्याला कोणती ते कशाला लागतं?’

टिपणीस सरळ झाले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला. ‘मी असा बघत नसतो,’ ते म्हणाले.

माधवने मग सगळं सांगितलं. पाकिटं, आकडे, तारखा.  शेवटी साहेब म्हणाले, ‘डॉक्टर पेशंटला काय होतंय ते विचारतो, मग नाडी बघतो. त्यात लबाडी आहे का?’

‘नाही. पण किती रेघा लागल्या म्हणजे लागलं म्हणायचं, साहेब?’

‘आकडा नाही. जगात कुणाकडे नाही. डोळा तयार व्हावा लागतो.’

‘माझा दहा वर्षं होतोय. मला दोन्ही लागलेल्या दिसतात, आणि दोन्ही न लागलेल्या.’

‘तो तुमचा डोळा झाला.’

‘म्हणून तर म्हणतो, तुम्ही बघा. कोणती ते मी सांगत नाही.’

टिपणीस मायक्रोस्कोपपासून एक पाऊल मागे सरले. फक्त एक पाऊल, पण माधवने ते पाहिलं, आणि साहेबांनी त्याला पाहताना पाहिलं. ‘आणि ते ठाण्याचं काय म्हणालात?’ त्यांनी हळू विचारलं.

‘काही नाही. एक तर आपलं जुळणं खोटं, नाही तर ते कपाट उघडं होतं.’

 मग टिपणीस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘गोळ्या आपापल्या पाकिटांत घाल. खरी पण लागतेच म्हणतोस ना? मग बिघडलं काय? तुला बायको आहे, मी पुढल्या वर्षी रिटायर होतोय.’ दहा वर्षांत ते त्याला पहिल्यांदाच तू म्हणाले होते. आणि त्या आपलेपणानेच माधवच्या मनात आलं, हे यांना आधीच माहीत होतं की काय? नसावं. असतं तर ते मागे सरले नसते. की म्हणूनच सरले?

घरी त्याने कालिंदीला सांगितलं. ती दादरच्या एका शाळेत शिकवायची. पोळ्या लाटता लाटता तिने ऐकून घेतलं. ‘त्या पांचाळनेच मारलं असेल असं वाटतं तुम्हाला?’

‘असेलही.’

‘मग कशाला बोलायचं?’

‘नसेलही.’

तिने लाटणं ठेवलं. ‘नोकरी जाईल?’

‘बहुतेक.’

‘अहो, मग तुम्ही मला विचारताय का सांगताय?’ ती म्हणाली.  तिने लाटणं पुन्हा उचललं. ‘विचारत असाल तर बोला. माझा पगार आहे. पण उद्या परवा, आपण उगाच बोललो म्हणून माझ्यापुढे बसू नका.’ तिच्या आवाजात राग होता की आधार, हे तो तिच्या पाठीकडे बघत ठरवत राहिला, आणि मग त्याला स्वतःचीच किळस आली. आता हिलाही भिंगाखाली धरायचं का?

सेशन्स कोर्टात ज्यूरीचे नऊ जण बाकांवर बसले होते, पंख्याखाली पेंगुळलेले. पिंजऱ्यात चिंतामणी पांचाळ उभा होता, दाढी वाढलेली, बोटांच्या पेरांत लेथचं काळं तेल अजून बसलेलं. मागच्या बाकावर रघुची बायको अंबिका, रोज येऊन बसते म्हणे, डोक्यावरून पदर घेऊन. टिपणीसांची साक्ष सकाळी झाली होती. त्यांनी शांतपणे, खणखणीत, जे लिहिलं होतं तेच सांगितलं होतं. माधवने ती दाराबाहेरून ऐकली आणि ऐकताना त्यालाही ती खरी वाटली. त्याला बोलावलं ते फक्त फोटो शाबीत करायला. दोन मिनिटांचं काम.

‘हा फोटो तुम्ही काढलात?’ सरकारी वकिलांनी विचारलं.

‘हो.’

‘यात डावीकडे मयताच्या शरीरातली गोळी आणि उजवीकडे आरोपीच्या रिव्हॉल्व्हरची. बरोबर?’

 ‘हो’ तोंडात तयार होतं. त्याला अप्पांचं बोट दिसलं, कागदावर टेकलेलं.

‘डावीकडची बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘उजवीकडची दुसऱ्या रिव्हॉल्व्हरची आहे. पाकिटं माझ्या हातून बदलली.’

न्यायाधीशांची लेखणी थांबली. पंखा फिरत होता. टिपणीस पुढच्या रांगेत बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या मानेमागची शीर मात्र माधवला स्पष्ट दिसली. पांचाळचा वकील उठून उभा राहिला आणि काय विचारायचं न सुचून तसाच उभा राहिला. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, ‘मग आरोपीच्या रिव्हॉल्व्हरची खरी गोळी तुम्ही पाहिलीत का? ती जुळते?’

‘जुळते असं म्हणता येईल, साहेब. नाही असंही म्हणता येईल.’

ज्यूरीतलं कोणीतरी हसलं.

‘तुम्हाला काय दिसलं ते सांगा.’

‘मला कोणती ते आधी सांगितलं, की मला ती जुळलेली दिसते,’ माधव म्हणाला. हे वाक्य मोठ्याने ऐकल्यावर त्याला जाणवलं, की गेल्या आठ दिवसांत संशय न येता बोललेलं आपलं हे पहिलंच वाक्य.

चिंतामणी पांचाळ सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो माधवजवळून गेला, थांबला, हात जोडले. माधवने त्याच्या चेहऱ्यात खूप शोधलं. निर्दोष माणसाचा आनंद कसा असतो, गुन्हेगाराची सुटका कशी असते, काही फरक असेल ना कुठे तरी? दाढी होती, घाम होता, थकवा होता. ‘येतो,’ एवढंच तो म्हणाला, आणि गर्दीत मिसळला. माधववर चौकशी बसली. ती संपेपर्यंत त्याला घरी बसवलं. चौकशीतल्या आपल्या जबाबात त्याने दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, पाकिटांची आणि ठाण्याच्या कपाटाची. जबाबाची नक्कल त्याला मिळाली तेव्हा तिच्यात कपाटाचं पान नव्हतं. त्याने पानांचे आकडे पाहिले. ते मात्र ओळीने होते. टिपणीस त्याला एकदा शिवाजी पार्कच्या कट्ट्याशी भेटले. दोघं थांबले. ‘मी नंतर पाहिल्या,’ साहेब म्हणाले, ‘शिपायाला लावायला सांगितल्या, कोणती ते न सांगता.’ माधव वाट पाहत राहिला. साहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि ‘कालिंदीबाई बऱ्या आहेत ना?’ असं विचारून पुढे गेले.

फेब्रुवारीत, निवडणुकीच्या धामधुमीत, एका दुपारी अंबिका त्याचं बिऱ्हाड शोधत आली. कालिंदी नुकतीच शाळेतून आली होती. तिने पाट दिला, पाणी दिलं. अंबिका अर्धा पेला प्यायली आणि बाकीचं पाणी हातात धरून बसली.

‘समितीची माणसं आली होती,’ ती म्हणाली. ‘गोळीबारात गेले त्यांची नावं लिहून नेत होती. ह्यांचं नाव घातलं नाय. म्हणाले, बाई, तुमची केस चालू आसा. आता केस संपली. तो पांचाळ सुटलो. मग ह्यांका कोणी मारल्यानी? तुमी साहेबलोकांच्या खोलीत होतात. माका खरं काय ते सांगा.’

एक वाक्य पुरलं असतं. पोलिसांनी, असं तो म्हणाला असता तर रघुचं नाव इतरांच्या ओळीत गेलं असतं, सभांत घेतलं गेलं असतं, आणि ते खोटं असतं असंही कोणी म्हणू शकलं नसतं. माधवने कालिंदीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मग त्याने अंबिकाला सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, एखाद्या घरच्या माणसाला सांगावं तसं. पांचाळ असेल. ठाण्यातलं कुणी असेल. तिसराच कुणी असेल, ज्याचं रिव्हॉल्व्हर आमच्याकडे आलंच नाही. ती मधून मधून मान हलवत होती, कळलं म्हणून नव्हे, ऐकते आहे म्हणून.

‘म्हणजे तुमकाच ठाऊक नाय,’ ती शेवटी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

‘नाही,’ माधव म्हणाला.

खाली गल्लीतून प्रचाराची मोटार भोंगा वाजवत गेली.  अंबिकाने पेला खाली ठेवला.

‘ती गोळी तुमी हातात धरलात मा?’

‘हो.’

‘माका कोणी दाखवली नाय. कोर्टात पण लांबच होती. केवडी होती?’

माधवने करंगळी पुढे केली आणि नखाच्या मुळाशी अंगठा टेकवून दाखवलं. अंबिका पाटावरून पुढे सरकली. वाकून ती त्याच्या बोटाकडे बघत राहिली, आणि त्याला हात मागे घेता येईना.

‘येवडीच,’ ती म्हणाली. मग, बोटाकडेच बघत, ‘जड होती?’

‘हो,’ तो म्हणाला. हे त्याला नक्की ठाऊक होतं. ‘खूप जड होती.’